रिमचा आकडा आधी वाचा

नवी जिम्नी दारात आल्यावर काही आठवड्यांतच मालकाला तिचे टायर बारीक वाटू लागतात. मारुती सुझुकीने २०२३ मध्ये ही पाच दारांची गाडी भारतात आणली ती १९५/८० आर१५ या मापाच्या टायरवर. शेजारी २५५ चे टायर घातलेली थार उभी राहिली, की जिम्नी उंच माणसाने धाकट्या भावाचे बूट घातल्यासारखी दिसते. मग चौकशी सुरू होते. २१५ घ्यावा की थेट २३५? ऑल-टेरेन की मड-टेरेन? कोणत्या कंपनीचा? या साऱ्या खलबतात रिमची रुंदी किती, हा प्रश्न क्वचितच निघतो. टायरवालाही तो काढत नाही, कारण त्याच्या मशीनवर २३५ चा टायर त्याच रिमवर चढतो, हवा भरल्यावर दोन्ही कडा ठप्पकन आपल्या जागी जातात आणि गाडी घरी जाते.

चढला म्हणजे जमला, असे मात्र नाही. जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५/७५ आर१५ या टायरला किमान सहा इंची रिम लागते. अर्ध्या इंचाने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. डांबरी रस्त्यावर बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. बिघडते ते ओढ्यातल्या धोंड्यांवर, चिखलात, आडव्या उतारावर, आणि नेमके तेव्हा, जेव्हा पकड मिळावी म्हणून आपण टायरमधली हवा निम्मी केलेली असते.

आधी रिम कशी वाचायची ते पाहू. पोलादी रिमवर व्हॉल्व्हच्या आसपास आणि अलॉयवर बहुधा आतल्या बाजूला, आऱ्यांच्या पाठीवर, काही आकडे उठवलेले असतात. ‘१५ × ५.५ जे’ यातला १५ हा टायर जिथे बसतो त्या कड्याचा व्यास, इंचांत. ५.५ ही रुंदी, तीही इंचांत. ‘जे’ हे अक्षर रिमच्या उभ्या कडेचा आकार सांगते. ही कड साधारण १७ मिलिमीटर उंच असते. पुढे ‘ईटी’ आणि एक आकडा असतो. रिमच्या बरोबर मध्यरेषेपासून हबला टेकणारी पाठ किती मिलिमीटर बाहेर किंवा आत आहे, ते त्यावरून कळते. त्याच्याकडे पुढे वळूच.

रुंदीचा आकडा हा रिमच्या दोन उभ्या कडांच्या आतल्या अंगांमधले अंतर आहे. टायरच्या कडा त्या आतल्या अंगांना टेकून बसतात, म्हणून तिथलेच अंतर कामाचे. गॅरेजमध्ये रिम आडवी टाकून बाहेरून बाहेर टेप लावली, तर दोन्ही कडांची जाडी धरून माप सुमारे एक इंचाने जास्त येते. साडेपाच इंची रिम साडेसहा इंची ‘निघते’, आणि मग २३५ चा टायर नियमात बसल्यासारखा वाटतो. जुन्या बाजारातून रिम घेताना हा गोंधळ सर्रास होतो. टेपवर विसंबू नये, उठवलेला आकडा वाचावा.

आता टायर. २३५/७५ आर१५ यातला २३५ म्हणजे फुगवलेल्या टायरची एका साइडवॉलपासून दुसऱ्या साइडवॉलपर्यंतची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीची रुंदी याहून कमी असते. ७५ म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पण २३५ हा आकडा एका ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेला असतो, हे टायरवर कुठेच छापलेले नसते. प्रत्येक मापाच्या टायरसाठी मोजणीची एक रिम ठरलेली आहे. २३५/७५ आर१५ साठी ती साडेसहा इंची, २१५/७५ आर१५ साठी सहा इंची, २४५/७५ आर१६ साठी सात इंची. अमेरिकेतली टायर अँड रिम असोसिएशन १९०३ पासून हे काम करते आहे. युरोपात ईटीआरटीओ, जपानमध्ये जाटमा आणि आपल्याकडे इंडियन टायर टेक्निकल अॅडव्हायझरी कमिटी ही मापे प्रसिद्ध करतात. त्यांच्या तक्त्यात मोजणीच्या रिमशेजारी आणखी एक रकाना असतो: किमान किती आणि कमाल किती रुंदीची रिम चालेल. २३५/७५ आर१५ साठी तिथे सहा ते आठ इंच असे लिहिलेले असते, २१५/७५ आर१५ साठी साडेपाच ते सात, २४५/७५ आर१६ साठी साडेसहा ते आठ.

रिम बदलली की टायरची रुंदी बदलते, आणि तिचा हिशेब सोपा आहे. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर सुमारे पाच मिलिमीटर रुंद होतो. अर्धा इंच अरुंद झाली की तेवढाच आक्रसतो. म्हणजे साडेसहा इंची रिमवर २३५ भरणारा टायर जिम्नीच्या साडेपाच इंची रिमवर २२५ च्या आसपास भरेल. पैसे २३५ चे मोजले, वजन २३५ चे वाहिले, आणि हाती आला तो गोल पोटाचा २२५. उलट तोच टायर आठ इंची रिमवर ताणून बसवला तर अडीचशेपर्यंत जाईल. दोन गाड्यांवर एकाच मापाचे टायर असून एकीचे रुंद आणि दुसरीचे सडपातळ का दिसतात, याचे उत्तर बहुतेकदा इथेच असते.

अमेरिकी पद्धतीच्या मापांत तर हा खेळ अधिकच जाणवतो. ३१ × १०.५० आर१५ यातला पहिला आकडा टायरची एकूण उंची आणि दुसरा रुंदी, दोन्ही इंचांत. हे साडेदहा इंच मोजलेले आहेत साडेआठ इंची रिमवर. चालू शकणाऱ्या रिमचा पल्ला सात ते नऊ इंच. सात इंची रिमवर हा टायर दहा इंचांच्याही आत येतो. ३३ × १२.५० आर१५ ला दहा इंची रिमवर मोजतात आणि त्याला किमान साडेआठ इंच लागतात. जुन्या सात इंची रिमवर हा टायर चढवून मिरवणारी जीप एखाद्या संमेलनात हमखास भेटते. तिच्या टायरची नक्षी मधोमध झिजलेली आणि कडेला नवीकोरी असते, हेही हमखास.

ती झीज का होते? टायर म्हणजे दोन पोलादी तारांच्या कड्यांमध्ये ताणलेला दोऱ्यांचा आणि रबराचा सांगाडा. या कड्यांना बीड म्हणतात. बीड रिमवर घट्ट बसलेले असतात, त्यामुळे दोन बीडमधले अंतर म्हणजे रिमची रुंदी. ते अंतर कमी केले की दोन्ही साइडवॉल तिथून बाहेरच्या बाजूला फुगून वर जातात आणि नक्षीचा पट्टा मध्ये उंच, कडांना उतरता होतो. अशा टायरवर गाडी वळवली की नक्षी रिमच्या मागोमाग जरा उशिरा वळते. स्टिअरिंग सैल झाल्याचा भास होतो. बीडची बैठकही तिरपी पडते, रिमची कड रबरावर घासत राहते आणि फुगलेली साइडवॉल प्रत्येक फेरीला ठरल्यापेक्षा जास्त वाकते. जास्त वाकणे म्हणजे जास्त उष्णता, आणि टायरला मारणारी मुख्य गोष्ट उष्णताच. रिम गरजेपेक्षा रुंद असली की उलटे होते. साइडवॉल ताठ उभ्या राहतात, नक्षी सपाट किंवा किंचित खोलगट होते, कडा आधी झिजतात. वळणावर गाडी चपळ वाटते, खड्ड्यात मात्र पाठीला कळते.

मधोमध झीज होते ती हवा जास्त भरल्यानेही, आणि कडेला होते ती हवा कमी ठेवल्यानेही. त्यामुळे दोष रिमचा की हवेचा, हे झिजलेल्या टायरवरून नेमके सांगता येत नाही. खडूने सांगता येते. नक्षीवर आडवी जाड रेघ ओढावी, सपाट सिमेंटवर गाडी सरळ दहा-पंधरा मीटर न्यावी आणि रेघ कुठे पुसली ते पाहावे. नेहमीची हवा असताना फक्त मधलाच भाग पुसला तर हवा दोन-दोन पाउंडांनी उतरवत पुन्हा पाहावे. सुचवलेल्या दाबाच्या बरेच खाली गेल्यावरही कडा टेकत नसतील, तर रिम अरुंद आहे. पुस्तकी तक्त्यापेक्षा ही परीक्षा अधिक बोलकी, कारण ती तुमच्याच गाडीच्या वजनावर होते.

इथवरचे सगळे कोणत्याही मोटारीला लागू आहे. ऑफ-रोडचा मामला वेगळा होतो तो हवा कमी करण्यामुळे, आणि तिथे थोडे थांबायला हवे.

टायर जमिनीला किती क्षेत्रावर टेकतो, याचा ढोबळ हिशेब चाकावरचे वजन भागिले हवेचा दाब असा करता येतो. जिम्नीच्या एका चाकावर माणसे-सामान धरून ३६० किलो आहेत असे समजू. २८ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास दोन किलो. म्हणजे टेकलेले क्षेत्र सुमारे १८० चौरस सेंटिमीटर, तळहाताहून जरासे मोठे. साइडवॉलचा स्वतःचा ताठरपणाही थोडा भार उचलतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा वेगळा येतो, पण गोम कळायला हे पुरे. या हिशेबात टायरची रुंदी कुठेच नाही. त्याच दाबावर रुंद टायर घातला तर ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्र जवळपास तेवढेच राहते. क्षेत्र वाढवायचे तर दाब कमी करावा लागतो. २८ वरून १४ वर आलात की क्षेत्र दुप्पट होते, आणि ही वाढ मुख्यतः लांबीत होते. मागेपुढे लांबलेला ठसा अधिक दगड, अधिक मुळे, अधिक माती एकाच वेळी धरतो. नवे टायर घेण्याआधी ही युक्ती करून पाहिली तर कित्येकांना टायर बदलायची गरजच वाटणार नाही. टायरवाल्यांना हे वाक्य आवडणार नाही, पण इलाज नाही.

हवा कमी केल्यावर बीडला रिमवर दाबून धरणारे बळही तेवढेच कमी होते. नेहमीच्या दाबावर हवाच बीडला कडेशी रेटून धरते. ट्यूबलेस रिमवर बीडच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटाही असतो, बीड सहज आत घसरू नये म्हणून. १५ पीएसआयच्या आसपास गाडी आडव्या उतारावर असेल, किंवा चर ओलांडताना पुढचे चाक वळलेल्या अवस्थेत दगडात अडकले असेल, तर बाजूचा जोर बीडला त्या उंचवट्यावरून आत ढकलतो. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो आणि टायर रिमवर लोंबतो. पावसात, चिखलात, जॅक टेकायला जागा नसताना चाक उतरवणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

अशा वेळी रिमची रुंदी निर्णायक ठरते. रिम टायरच्या मानाने रुंद असेल तर ताणलेली साइडवॉल बीडला सतत आतल्या बाजूला, रिमच्या मध्याकडे ओढत असते. हवा कमी होताच ती ओढ जिंकते. रिम पल्ल्याच्या अरुंद टोकाकडे असेल तर बाहेर झुकलेली साइडवॉल बीडला कडेकडेच रेटते. शिवाय फुगीर टायर रिमच्या कडेच्या बराच बाहेर राहतो, त्यामुळे बाजूचा धोंडा आधी रबराला लागतो, रिमला नाही. रुंद रिमवर कड उघडी पडते. अलॉय असेल तर तडा जातो. पोलादी असेल तर वाकते आणि गावातला लोहारही हातोड्याने ती कशीबशी सरळ करून देतो.

म्हणून माझे मत असे, की ऑफ-रोडसाठी रिम निवडताना तक्त्यातल्या पल्ल्याच्या मध्यावर किंवा त्याहून जरा अरुंद बाजूला राहावे, आणि पल्ल्याच्या बाहेर मात्र कधीच जाऊ नये. बाजारातला शौक नेमका उलटा आहे. रुंद, खोलगट, बाहेर आलेल्या रिमवर ताणलेला टायर फोटोत देखणा दिसतो. चाकांचे दुकान चालते ते फोटोवर, ओढ्यावर नाही.

स्पर्धेत उतरणारे लोक यावर बीडलॉक वापरतात. रिमच्या बाहेरच्या कडेवर एक वेगळे कडे बोल्टांनी आवळून बीड त्यात चिमटून धरतात. मग हवा पाच-सहा पीएसआयवर आणली तरी टायर निघत नाही. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत ही गरज खरी आहे. शनिवार-रविवारी घाटमाथ्यावर जाणाऱ्याला ती नाही. ते दोन-तीन डझन बोल्ट वेळोवेळी टॉर्क रेंच लावून तपासत बसावे लागतात, आणि एवढी शिस्त आपल्यात किती असते ते आपण जाणतो.

रुंद टायर चांगला की अरुंद, हा वाद जीपइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६.००-१६ टायरवर, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद टायरवर आणि साडेचार इंची रिमवर युरोपच्या चिखलातून आणि वाळवंटातून धावली. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत जोडायला घेतली ती हीच वंशावळ. तिच्यावर वाढलेल्या ड्रायव्हरांना रुंद टायरचे कौतुक नव्हते. कोकणातल्या आणि घाटाखालच्या रस्त्यांवर ते बरोबरही होते. वरचा लाल चिखल वीतभर खोल, खाली मुरूम किंवा जांभा. अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थरावर टेकतो आणि चालू लागतो. रुंद टायर वरच्या वर तरंगत घसरतो. पाणी साचलेल्या डांबरी रस्त्यावरही अरुंद टायर पाणी लवकर बाजूला सारतो.

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत गणित फिरते. भिजलेल्या काळ्या मातीला हाताशी लागेल असा तळ नसतो. टायर तिला कापत खाली जातो तो अॅक्सल टेकेपर्यंत. तिथे तरंगणे बरे, पण ही माती नक्षीत भरून टायरचा गुळगुळीत गोळा करते आणि मग २३५ काय नि २८५ काय, सगळे सारखेच. भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाके लावतात ती उगाच नाही. रबर किती रुंद असावे, या प्रश्नाचे शेतकऱ्याने दिलेले उत्तर ‘रबरच नको’ असे आहे.

तरंगण्याचे टोक पाहायचे तर आइसलँडला जावे लागते. तिथल्या हिमनद्यांवर बर्फाला तळ नसतो, म्हणून तिथले लोक ३८ इंच उंच आणि साडेपंधरा इंच रुंद टायर वापरतात आणि हवा दोन-तीन पीएसआयपर्यंत खाली आणतात. आर्क्टिक ट्रक्स या तिथल्या कंपनीने अशाच टायरवर बांधलेली हायलक्स २००७ मध्ये ‘टॉप गियर’ कार्यक्रमाच्या मंडळींनी उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या मोहिमेवर नेली, ती अनेकांनी पाहिली असेल. या टायरखाली रिमही बारा इंच किंवा अधिक रुंद असते. तेवढ्या कमी दाबावर आणि तेवढ्या रुंद रिमवर बीड टिकावा म्हणून तो चिकटवतात किंवा बीडलॉक लावतात. म्हणजे रुंद टायरला रुंद रिम, रुंद रिमला बीडची वेगळी सोय आणि या सगळ्याला मोठ्या चाकांसाठी कापलेली गाडी, अशी ती साखळी आहे. त्यातली एकच कडी उचलून आपल्या गाडीला लावली तर मूळ हेतू हरवतो.

आता ईटीकडे येऊ. कारण टायरसाठी रिम बदलायची ठरवली, की रुंदीबरोबर हा आकडाही बदलतो, आणि रुंदी बरोबर घेऊनही चाक इथे फसते.

जिम्नीच्या मूळ रिमची रुंदी ५.५ इंच आणि ईटी ५. हबच्या पाठीपासून बाहेरची कड सुमारे ६५ मिलिमीटर आणि आतली कड ७५ मिलिमीटर अंतरावर येते. आता २३५ साठी योग्य अशी सात इंची रिम ईटी ० ची घेतली, तर दोन्ही कडा ८९ मिलिमीटरवर येतात. चाक बाहेर २४ मिलिमीटर गेले आणि आतही १४ मिलिमीटर सरकले. आत सरकले म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चासिसला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला घासण्याची शक्यता. ते टाळायला ईटी उणे १४ घेतला, तर आतली कड जागेवर राहते, पण बाहेरची ३८ मिलिमीटर बाहेर येते. मग टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो, चिखल दारावर आणि आरशावर उडतो, आणि स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो तिथून टायरच्या ठशाचा मध्य लांब जातो. हे अंतर वाढले की पुढचे चाक दगडावर आदळताच स्टिअरिंग हातातून हिसकले जाते. चाकाच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवरचा ताणही वाढतो. पुढे अखंड अॅक्सल असलेल्या गाड्यांत आधीच थोडी झीज असेल, तर एका ठरावीक वेगाला सगळे स्टिअरिंग थरथरू लागते. मालक मग बॅलन्सिंग करत हिंडतो, आणि दोष रिमच्या ईटीत असतो.

पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, याबद्दल फार सांगायची गरज नाही. जिम्नी आणि जुनी जिप्सी दोघींचे पाच नट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, त्यामुळे एकीची रिम दुसरीला लागते. पीसीडी चुकले तर रिम बसतच नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. रुंदी आणि ईटी चुकले तरी बसते, तीच अडचण.

रिम घेताना आणखी एक आकडा पाहावा: तिची भार पेलण्याची क्षमता. चांगल्या अलॉयवर ती किलोत उठवलेली असते आणि जपानी कसोटीला उतरलेल्या रिमवर ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण असते. टायरचेही तसेच. १९५/८० आर१५ वर लिहिलेला ९६ हा भारांक म्हणजे एका टायरला ७१० किलो. नवा टायर कितीही रुंद असो, त्याचा भारांक मूळपेक्षा कमी नसावा.

व्यासाच्या बाबतीत तर अर्ध्या इंचाचीही मुभा नाही. पूर्वी अमेरिकेत पिकअप ट्रकवर साडेसोळा इंची रिम येत असत. त्यांच्यावर सोळा इंची टायर चढतो, हवा भरली की बीड बसायला पाहतो, बसत नाही. माणूस हवा वाढवत जातो आणि बीडची पोलादी तार तुटून टायर फुटतो. यात माणसे दगावली आहेत. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नये, अशी ताकीद कित्येक टायरांच्या साइडवॉलवर आजही असते, ती याच धोक्यापायी. ताणलेला टायर बसेना म्हणून आत ज्वालाग्राही द्रव फवारून काडी लावण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. ते करमणूक म्हणून पाहावेत.

टायर मोठा झाला की गाडीची उंची आणि गिअरिंगही बदलते. १९५/८० आर१५ ची उंची ६९३ मिलिमीटर, २१५/७५ आर१५ ची सुमारे ७०४ आणि २३५/७५ आर१५ ची सुमारे ७३४. म्हणजे २१५ ला फरक दीड टक्का. २३५ ला जवळपास सहा टक्के. मूळ टायरवर काटा ८० दाखवायचा त्या क्षणी गाडीचा जो वेग होता, तो आता काटा ७५ वर असतानाच गाठला जातो. चढाला इंजिन तेवढेच जास्त दमते, जड चाकामुळे ब्रेकवरही ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागते, कारण फोर-व्हील ड्राइव्ह लावून वेगळ्या उंचीची चाके फिरवली तर गिअरबॉक्स आणि शाफ्ट एकमेकांशी झगडतात. म्हणजे खर्च चार टायरचा नाही, पाचांचा. आणि मागच्या दारावर टांगलेले ते पाचवे जड चाक दाराच्या बिजागऱ्यांना रोज आठवण करून देते.

कायद्याचे एक वाक्य. कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. मडगार्डच्या बाहेर आलेली चाके हवालदाराला लांबूनच दिसतात, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी चाकांकडेच पाहतो.

तर मग जिम्नीला काय घालावे? महाराष्ट्रातल्या घाटवाटा, ओढे आणि पावसाळी कच्चे रस्ते एवढेच करायचे असेल, तर मूळ साडेपाच इंची रिम ठेवून २१५/७५ आर१५ चा ऑल-टेरेन टायर घ्यावा. रिम त्याच्या पल्ल्याच्या अरुंद टोकाला येते, बीड घट्ट राहतो, उंची सेंटिमीटरभर वाढते, बाकी काही हलत नाही. २३५ हवाच असेल तर आधी साडेसहा किंवा सात इंची रिमचे पैसे बाजूला काढावेत, ईटीचा हिशेब कागदावर करावा, सस्पेन्शन उंच करावे लागेल का ते पाहावे आणि मगच टायरच्या दुकानात जावे. साडेपाच इंची रिमवर २३५ हा पर्यायच नाही. थार किंवा गुरखा असेल तर आकडे वेगळे येतील, पण क्रम तोच: रिमवरचा आकडा, मग टायर कंपनीच्या तक्त्यातला पल्ला, मग भारांक, मग ईटी, आणि नक्षी कोणती हे सर्वांत शेवटी. पाच नव्या रिमचे जे पैसे वाचतील त्यातून हवा मोजायचा एक चांगला गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर घ्या. कच्च्या रस्त्याला लागण्याआधी हवा १८ वर आणा, डांबरावर चढण्याआधी पुन्हा भरा.